डिस्कवर संशय आला की आधी तपासणी, की आधी प्रत?

अक्षरजुळणी, फोंडा (मूळ लेख)

आमचे काम अक्षरजुळणीचे आणि पानमांडणीचे. त्याच्या जोडीला गेली काही वर्षे आम्ही गावोगावच्या जत्रांत होणाऱ्या नाटकांची जुनी हस्तलिखित बाडे स्कॅन करून ठेवत आलो आहोत, आणि ती सगळी स्कॅने एकाच वर्कस्टेशनच्या हार्ड डिस्कवर होती. चवथीच्या तोंडावर ते यंत्र एक ठरावीक फोल्डर उघडताना अर्धा अर्धा मिनिट थिजू लागले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ क्रमांकाची नोंद, म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक असल्याची सूचना, पुन्हा पुन्हा दिसत होती. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने पिवळी खूण दाखवली होती आणि सी५ या ओळीत, म्हणजे न वाचता येणाऱ्या व निर्णयाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांच्या (डिस्कवरील डेटा साठवण्याच्या छोट्या कप्प्यांच्या) ओळीत, १८ हा आकडा होता. तो षोडशमान (दहाऐवजी सोळावर आधारलेल्या) पद्धतीतला असल्यामुळे प्रत्यक्षात २४ होतो, हे मला नंतर कळले.

आम्ही नेहमीच्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने 'आधी नीट तपासू' म्हणून चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासण्याची आज्ञा, तिच्या /आर या खराब सेक्टर शोधणाऱ्या पर्यायासह रात्रभर चालवत ठेवली. सकाळी डिस्क ओळखलीच जाईना आणि आतून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येऊ लागला. आमचा बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा होता. त्यानंतर स्कॅन केलेली तीन बाडे गेली.

माझे मत असे झाले आहे की डिस्कवर संशय आल्यानंतरचे पहिले काम तपासणी नसून प्रत काढणे हे आहे. पृष्ठभागाची तपासणी म्हणजे डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचणे. जेथे वाचता येत नाही तेथे डिस्क आतल्या आत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि वाचणारे हेड जर कमकुवत झालेले असेल तर ते श्रम आपण त्याच्याकडून डेटा न मिळवताच करून घेतो. चेकडिस्क तर त्याहून पुढे जाऊन त्याच आजारी डिस्कवर फाइल सिस्टमच्या दुरुस्त्या लिहिते. म्हणून आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून डेटा वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी आणि कारणाचा शोध नंतर घ्यावा. यावर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे, विरुद्ध असले तरी.

जोडणी-दुरुस्ती, मडगाव

आपले नुकसान झाले याचे मनापासून वाईट वाटले, तरीही आपल्या निष्कर्षाला माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट मांडतो.

पहिली गोष्ट, तपासणीनंतर डिस्क गेली म्हणून तपासणीमुळे गेली असे सिद्ध होत नाही. सी५ मध्ये २४ दाखवणारी आणि फोल्डर उघडताना थिजणारी डिस्क त्या रात्री नुसती चालू ठेवली असती तरी गेली असती, ही शक्यता आपण सोडून दिली आहे. दुसरी गोष्ट, डीडीरेस्क्यूदेखील पूर्ण पृष्ठभागच वाचते. मग तपासणीचे श्रम वाईट आणि प्रतीचे श्रम चांगले, हे कसे?

मी गेली वीस वर्षे यंत्रे जोडतो आणि दुरुस्त करतो. 'डिस्क गेली' म्हणून आलेल्या कितीतरी यंत्रांत दोष केबलचा, एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या भागाचा) किंवा रॅमचा निघालेला आहे. एका ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या वर्कस्टेशनवर मालकांनी माझ्याकडे येण्यापूर्वीच दोन नव्या डिस्क घालून पाहिल्या होत्या. त्या डिस्कचा स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांतला, १९९ क्रमांकाचा गुण, क्रिस्टलडिस्कइन्फोत जो सी७ म्हणून दिसतो, सारखा वाढत होता. १९९ हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडल्याचा हिशेब आहे. त्याचा तबकड्यांशी संबंध नसतो. पेटीचे बाजूचे झाकण लावताना साटा केबल दर वेळी मुडपली जात होती. केबल बदलली आणि आकडा जागच्या जागी थांबला. हा आकडा कधी खाली येत नाही, म्हणून तो केवळ मोठा आहे एवढ्यावरून घाबरू नये. आज लिहून ठेवावा, उद्या पुन्हा पाहावा आणि वाढला का तेवढेच बघावे.

आता कल्पना करा की रॅम खराब आहे आणि आपण निदान न करता त्याच यंत्रावर घाईने दोन टीबीची प्रत काढली. ती प्रत चुकांनी भरलेली निघेल आणि आपण निर्धास्त राहाल. म्हणून माझा क्रम असा आहे: स्मार्टचे सगळे आकडे वाचून टिपून घ्यायचे, केबल आणि पोर्ट बदलायचे, एसएमपीएस दुसरा लावून पाहायचा, मग डिस्कची स्वतःची छोटी चाचणी आणि त्यानंतर मोठी. स्मार्टसीटीएल या सॉफ्टवेअरने सुरू केलेली मोठी चाचणी डिस्कच्या आतच चालते, केबलवरून डेटा जातच नाही, त्यामुळे दोष डिस्कचा की वाटेचा हे तिच्यातून निखळपणे कळते. शिवाय बहुतेक डिस्कवर ती पहिल्या वाचनदोषापाशीच थांबते आणि त्या जागेचा क्रमांक नोंदवते. ती चेकडिस्कसारखी रात्रभर खणत बसत नाही. या दोन गोष्टींना एकाच नावाने 'तपासणी' म्हणणे योग्य नाही.

संगणक विभाग, वेर्णा

मी एका कारखान्यात यंत्रे सांभाळतो आणि या वादात मूळ लेखकाच्या बाजूने, किंबहुना त्यांच्याही पुढे आहे. डिस्क 'चांगली' ठरवणाऱ्या निदानावर आपण नको इतका विश्वास टाकतो.

गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या बाबतीत स्मार्टचे चार सर्वांत सूचक गुण शून्यच होते, म्हणजे त्या चार गुणांनी कसलीही पूर्वसूचना दिली नव्हती. उलट, पृष्ठभाग वाचताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. ही दोन निरीक्षणे एकत्र वाचली म्हणजे वाईट खुणेवर विश्वास ठेवावा आणि चांगल्या खुणेवर ठेवू नये, असाच अर्थ निघतो. छोटी आणि मोठी चाचणी निर्दोष आली म्हणून यंत्र परत कामाला लावणारा माणूस त्या ५६ टक्क्यांच्या वाटेवर उभा आहे.

आमच्याकडे नियम साधा आहे. स्मार्टमधील ५ (बदली दिलेले सेक्टर), १९७ (वर आलेला सी५) किंवा १९८ (वाचता न आलेले सेक्टर) यांपैकी कोणताही आकडा शून्यावरून हलला की त्याच दिवशी प्रत काढायची आणि डिस्क कामातून काढायची. वॉरंटी असेल तर बदलून घ्यायची, नसेल तर टाकायची.

वास्तुरचना, डिचोली

वेर्ण्याच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण केवळ पैशांचे नाही. माझे कार्यालय तिघांचे आहे. प्रत्येक आकड्यावर डिस्क बदलणे परवडत नाही हे खरेच, पण तो नियम तांत्रिकदृष्ट्याही ढोबळ आहे.

जून महिन्यात विजा चमकत असताना लिहिणे चालू असलेल्या क्षणी वीज गेली आणि माझ्या वर्कस्टेशनवर १९७ चा आकडा ८ झाला. अनेक नव्या डिस्कवर एक भौतिक सेक्टर ४०९६ बाइटांचा असतो आणि तो संगणकाला ५१२ बाइटांच्या आठ तुकड्यांत दाखवला जातो, त्यामुळे आकडे बऱ्याचदा आठच्या पटीत वाढतात. म्हणजे माझ्याकडे खरोखर अर्धवट लिहिला गेलेला एकच सेक्टर होता. (त्याच हिशेबाने मूळ लेखातले २४ म्हणजे तीन सेक्टर असू शकतात.) अशा सेक्टरवर पुन्हा लिहिले की डिस्क दोहोंपैकी एक निर्णय घेते: जागा चांगली असेल तर यादीतून काढते, नसेल तर राखीव जागेतला सेक्टर तिच्या बदली देते आणि ५ क्रमांकाचा आकडा वाढवते. मी ती फाइल बॅकअपमधून पुन्हा लिहिली. १९७ शून्यावर आला आणि ५ शून्यच राहिला. ती डिस्क आज चार वर्षे चालू आहे, मी दर सोमवारी तिचे आकडे वहीत लिहिते आणि एकही आकडा हललेला नाही. दोष तबकडीचा नव्हता, यूपीएसची बॅटरी संपलेली होती. मी डिस्क टाकून दिली असती तर नवी डिस्कही त्याच मेलेल्या यूपीएसवर चालवली असती.

आता मूळ प्रश्न. प्रत आधी, हे मला मान्य आहे, पण त्यातही एक बारकावा आहे. संशय आला की यंत्र बंद करून डिस्क बाहेर काढावी असे बरेच जण सांगतात. कमकुवत झालेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. ती अजून वाचत असेल तर बंद करण्यापूर्वी ज्या फाइली पुन्हा मिळणारच नाहीत तेवढ्या आधी उचलाव्यात. आपल्या बाबतीत ती तीन बाडे होती. विंडोज, सॉफ्टवेअर, बाकीची पाने, हे सर्व पुन्हा उभे करता आले असते. मात्र टक-टक आवाज सुरू झालेला असेल तर लगेच वीज बंद करावी, कारण त्या अवस्थेत हेड तबकडीला घासत असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक मिनिटागणिक डेटा कायमचा जातो.

अक्षरजुळणी, फोंडा

मडगावच्या प्रतिसादातील पहिला आक्षेप मी मान्य करतो. चेकडिस्कमुळेच डिस्क गेली असे मी सिद्ध करू शकत नाही. पण माझा मुद्दा त्यावर उभा नाही. डिस्क त्या रात्री जाणारच होती असे धरले, तर ती रात्र आम्ही कशावर खर्च केली हाच प्रश्न उरतो. तिच्याजवळ वाचण्याचे जे काही तास शिल्लक होते ते प्रत काढण्यात गेले असते तर निदान काही पाने हाती लागली असती. डीडीरेस्क्यूही पूर्ण पृष्ठभाग वाचते हे खरे, पण ती चांगला भाग आधी उचलते, अडलेल्या जागा ओलांडून पुढे जाते, कुठे काय राहिले ते नोंद-फाइलीत लिहिते आणि खराब भाग खरवडण्याचे काम अगदी शेवटी करते. मध्येच डिस्क थांबली तरी तोवर वाचलेले आपल्याजवळ राहते, आणि पुन्हा सुरू झाली तर काम त्याच जागेवरून पुढे नेता येते. तपासणीत वाचलेला डेटा मात्र वाचला जातो आणि टाकून दिला जातो.

रॅम आणि केबलच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की प्रत त्याच यंत्रावर काढायचीच कशाला? डिस्क दुसऱ्या, रोज नीट चालणाऱ्या यंत्राला दुसऱ्या केबलने जोडावी. तेथे ती निर्मळ वाचली गेली तर दोष मूळ यंत्रात आहे हेही आपोआप कळते, म्हणजे प्रत काढता काढताच निम्मे निदान होते. डिचोलीचा इशारा मात्र मी विचारात घेतलेला नव्हता. चालू डिस्क बंद करण्यापूर्वी न मिळणाऱ्या फाइली उचलाव्यात, हे मी माझ्या क्रमात सर्वांत वर घालतो.

आकडे वाचणे आणि इव्हेंट व्ह्यूअर पाहणे याला माझा विरोध कधीच नव्हता. त्याने तबकडीवर ताण येत नाही आणि दहा मिनिटांत काम होते. मोठ्या चाचणीबाबत मी अजूनही आपल्याशी असहमत आहे. १९७ किंवा १९८ शून्य नसताना ती चाचणी पहिल्या दोषापाशी थांबणार, म्हणजे आकड्यांनी आधीच सांगितलेली गोष्टच ती पुन्हा सांगणार. ते आकडे शून्य असून १९९ वाढत असेल तेव्हा ती खुशाल करावी.

एक विषयांतर करतो. 'डिस्क पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा' असा सल्ला मला याच काळात दोघांनी दिला. आपल्याकडच्या पावसाळी हवेत गार धातूवर बाहेर काढताक्षणी दव धरते, आणि साध्या डिस्कच्या पेटीला हवेसाठी गाळणी लावलेले छिद्र असतेच. कृपया कोणी हे करू नये.

जोडणी-दुरुस्ती, मडगाव

शेवटच्या वाटणीला, म्हणजे १९७-१९८ शून्य नसतील तर प्रत आणि शून्य असतील तर चाचणी, याला माझी हरकत उरलेली नाही. संशयित डिस्कवर चेकडिस्क /आर चालवू नये, हे तर मी माझ्या हाताखालच्या मुलांनाही सांगत आलो आहे. पहिल्या प्रतिसादात ते स्वच्छ लिहायला हवे होते.

वेर्ण्याच्या नियमाला मात्र मी मान देऊ शकत नाही. कारखान्यात दुसरी डिस्क कपाटात तयार असते. माझ्याकडे येणारा माणूस विचारतो, 'ही दुरुस्त करून द्या, नवी कशाला?' प्रत काढायला तेवढीच किंवा मोठी डिस्क लागते, आणि दोष कुठे आहे हे दाखवल्याशिवाय ती विकत घ्यायला तो तयार होत नाही. माझ्यासारख्याला चाचणीचा अहवाल हवा असतो तो बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची समजूत घालण्यासाठी. मूळ लेखकाच्या तंत्रज्ञावरही कदाचित हाच दबाव असेल. त्याने चुकीचे साधन निवडले हे खरेच, पण ती रात्र सुरू होण्यापूर्वी 'यातले दुसरीकडे कुठे आहे का?' हे त्याने विचारले नाही आणि आपणही सांगितले नाही.

अक्षरजुळणी, फोंडा

ते खरे आहे. त्याने विचारले नाही आणि चवथीच्या छपाईच्या घाईत मीही बोललो नाही. आता प्रत्येक नव्या बाडाचे स्कॅन त्याच संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर जाते आणि ती डिस्क रात्री वर्कस्टेशनला जोडलेली राहत नाही. गेलेल्या तीनपैकी दोन बाडे त्यांच्या मालकांनी पुन्हा दिली आहेत. तिसऱ्याची पाने इतकी ठिसूळ आहेत की दुसऱ्यांदा उघडू द्यायला ते कुटुंब तयार नाही, आणि मी त्यांना आग्रह केलेला नाही.