आवाज करणारे ल्यूर आणि कर्ली खाडीतला जिताडा

खाडीकाठ, कुडाळ
नमस्कार. मी तीन वर्षांपासून कर्ली खाडीच्या काठावरून गरीने जिताडा आणि तांबोशी पकडतो. आजवर सारी भिस्त जिवंत कोळंबीवर होती. यंदा पोटात छऱ्यांसारख्या पोलादी गोळ्या असलेला, ओढला की खुळखुळणारा ल्यूर, म्हणजे आमिषाचा खोटा मासा, घेतला. श्रावणात पाणी तांबड्या मातीने गढूळ असताना त्यावर दोन जिताडे लागले. दिवाळीनंतर पाणी निवळले आणि त्याच जागी, त्याच ल्यूरवर एकही मासा लागला नाही. एक जिताडा तर ल्यूरच्या मागोमाग आला आणि हातभर अंतरावरून वळून गेला. हाच आवाज माशाला कधी बोलावतो आणि कधी बिचकवतो, हे कोणी समजावून सांगेल का?

तिवराची सावली, दाभोळ
दादा, वळून गेलेल्या त्या जिताड्यातच आपले उत्तर आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्या चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि नजरेपेक्षा दूरवर पोचतो, त्यामुळे ल्यूर दिसण्याच्या कितीतरी आधी त्याची खुळखुळ माशाला कळते. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत. पण डोक्याच्या आत चुन्याचे बारीक खडे असतात, त्यांच्या आधारे तो ऐकतो. अंगावरून शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेषा जवळच्या पाण्याची हालचाल टिपते, मात्र तिचा पल्ला माशाच्या एक-दोन लांबीएवढाच असतो. म्हणून आवाज माशाला जवळ आणतो आणि तोंड उघडायचे की नाही, हे शेवटच्या हातभरात पार्श्वरेषा आणि डोळे ठरवतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचे काम जवळजवळ थांबते, तेव्हा खुळखुळ फार उपयोगी पडते. निवळ पाण्यात मात्र त्याला खोटा मासा स्पष्ट दिसतो, आणि कोणतेही खरे भक्ष्य असे सतत वाजत नाही.

माझ्या मते बारीक गोळ्यांपेक्षा एकच मोठी गोळी असलेला ल्यूर चांगला, कारण अशा माशांना काहीशे हर्ट्‌झपर्यंतचे खालचे सूर अधिक नीट ऐकू येतात आणि मोठ्या गोळीचा ठोका तसा जड असतो. ओढताना मध्ये दोन-तीन सेकंद थांबावे. माझे बरेचसे जिताडे त्या थांब्यातच लागले आहेत.

उधाणाची वाट, मालवण
वरील मताशी मी सहमत आहे. फक्त केवळ महिना पाहू नका, तिथीही पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ गाळ ढवळते, तेव्हा वाजणारा ल्यूर लावावा. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी ओढीची भरती-ओहोटी, असतो, गाळ खाली बसतो, तेव्हा बिनआवाजाचा लावावा.

आणखी एक तपासा. माझा एक ल्यूर अचानक निकामी झाला. कानाशी धरून हलवला तर मुका. उजेडात धरला तेव्हा सांध्याजवळ केसाएवढी चीर दिसली. खारे पाणी आत शिरून गोळ्या गंजल्या होत्या आणि एका कोपऱ्यात चिकटून बसल्या होत्या. तेव्हापासून घरी आल्यावर प्रत्येक ल्यूर गोड्या पाण्याने धुतो आणि हलवून ऐकतो.

खाडीकाठ, कुडाळ
दोघांचेही मनापासून आभार. माझा ल्यूर आत्ताच हलवून पाहिला, वाजतो आहे. येत्या अष्टमीला तो घरी ठेवून बिनआवाजाचा ल्यूर नेतो आणि काय लागले ते इथे कळवतो.