चिंता करणे म्हणजे गर्व कसा? (पेत्राचे पहिले पत्र 5:6-7)

निशिगंध :
गेल्या आठवड्यात 'दाखमळा' यांनी येथे एक मनन लिहिले होते. चिंता करणारा विश्वासणारा मुळात गर्विष्ठ असतो, कारण जे देवाच्या हाती सोपवायचे ते तो स्वतःच्या मुठीत धरून बसतो, असा त्याचा आशय होता. आधार म्हणून त्यांनी देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन होण्याविषयीचे आणि सर्व चिंता त्याच्यावर टाकण्याविषयीचे वचन दिले होते. त्याखाली "आमेन"ची रांग लागली. मी तीन दिवस गप्प राहिले, पण आता राहवत नाही.

माझे यजमान दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते. एकदा प्रार्थनासभेत मी एवढेच म्हणाले की रात्री झोप येत नाही आणि पुढचे सगळे भीतिदायक वाटते. त्यावर एका ज्येष्ठ भगिनीने सर्वांसमोर मला सांगितले की भीती म्हणजे अविश्वास, आणि तुम्ही आधी पश्चात्ताप करा. त्या दिवसापासून यजमान प्रभूकडे जाईपर्यंत मी मंडळीत कोणालाही खरे उत्तर दिले नाही. कोणी विचारले की "देवाच्या कृपेने बरे आहे" असे म्हणायचे आणि घरी येऊन दार लावून रडायचे. बाहेरून माझे ते वागणे फार लीनतेचे दिसत असणार, पण आत केवळ धास्ती होती.

आता वचनाकडे येते. पेत्राच्या त्या वाक्यात 55 व्या स्तोत्राच्या 22 व्या वचनाचा पडसाद आहे. ते स्तोत्र आरंभापासून वाचावे. त्या माणसाचे हृदय तळमळते आहे, मृत्यूचे भय त्याच्यावर कोसळले आहे, त्याला कापरे भरले आहे, आणि पारव्यासारखे पंख असते तर दूर उडून गेलो असतो असे तो म्हणतो. भार टाकण्याचा सल्ला येतो तो एवढे सगळे बोलून झाल्यानंतर. चिंता टाका असे सांगणारा तुमच्यापाशी चिंता आहे हे आधीच मान्य करत असतो.

लीनतेविषयीच बोलायचे तर मोशे पृथ्वीवरील सर्व माणसांहून नम्र होता असे गणना 12:3 सांगते. त्याच्या आधीच्याच अध्यायात हाच मोशे देवाला विचारतो की या लोकांचा भार माझ्यावर का घातलास, आणि असेच वागवायचे असेल तर मला मारून टाक. 'दाखमळा' यांच्या मापाने हा मोशे गर्विष्ठ ठरतो.

दाखमळा :
ताई, आपल्या दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटते, परंतु त्या भगिनीच्या कठोर शब्दांचा दोष माझ्या मननावर ठेवणे न्यायाचे नाही.

मी जे लिहिले त्याला मूळ ग्रीक वाक्याचा आधार आहे. आपल्या नेहमीच्या मराठी भाषांतरात "लीन व्हा" आणि "चिंता टाका" या दोन स्वतंत्र आज्ञा वाटतात. मुळात ते एकच वाक्य आहे. आज्ञा आहे ती लीन होण्याची, आणि "टाकणे" हे क्रियापद तिच्यावर अवलंबून असलेल्या धातुसाधिताच्या रूपात येते, म्हणजे अर्थ असा होतो की "आपली सर्व चिंता त्याच्यावर टाकून लीन व्हा". लीन होण्याची रीतच तेथे सांगितलेली असेल, तर जो टाकायला नकार देतो तो लीन झालेला नाही, हा निष्कर्ष मी नव्हे, ते वाक्य काढते.

आणि हे मी पुस्तकी ज्ञानाने बोलत नाही. माझी नोकरी गेली तेव्हा अकरा महिने मी घरी होतो. पहाटे तीनला उठून हिशेब मांडायचो, बायकोवर ओरडायचो, मुलांना जवळ येऊ द्यायचो नाही. एका पहाटे हेच वचन वाचताना मला लख्ख दिसले की मी स्वतःला या घराचा देव समजून बसलो आहे. माझ्या चिंतेला त्या दिवशी गर्व हे नाव मिळाले आणि मी सुटलो. जो शब्द मला सोडवून गेला, तो दुसऱ्याला बोचतो म्हणून मी लपवून ठेवावा काय?

निशिगंध :
व्याकरण मान्य. अगदी नाइलाजाने, पण मान्य.

मात्र त्याच वाक्यातील 'मेरिम्ना' (चिंता) हा ग्रीक शब्दही तपासावा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (11:28) आपल्याला सर्व मंडळ्यांविषयीची चिंता रोज ग्रासते असे पौल लिहितो, तेथे हाच शब्द आहे. फिलिप्पैकरांस "कशाविषयीही चिंता करू नका" असे सांगताना तो ज्या धातूचे क्रियापद वापरतो, तेच क्रियापद त्याच पत्रात दोन अध्याय आधी (2:20) तो आपला सहकारी तीमथ्य याच्या कौतुकासाठी वापरतो, कारण तीमथ्य त्या लोकांची मनापासून काळजी वाहणार आहे. म्हणजे एकाच शब्दात माणसाला पोखरणारी घालमेलही आहे आणि प्रेमातून येणारा घोरही आहे. तुमची चिंता पहिल्या जातीची होती, माझी बहुतांशी दुसऱ्या जातीची. तुम्ही आपल्या रोगाचे निदान केलेत आणि औषध मात्र सगळ्या गावाला पाजलेत.

प्रवासी :
मूळ मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे म्हणून अनेक वर्षांचे एक शल्य बोलून टाकतो. ज्याची प्रार्थना मागितल्याप्रमाणे ऐकली गेली, त्यालाच आपल्याकडे साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव मंडळीसमोर सांगायला, उभे करतात. माझ्या बहिणीचा मुलगा गेला, त्याच महिन्यात एका गृहस्थांनी आपला मुलगा बरा झाल्याची साक्ष दिली आणि शेवटी म्हटले, "आम्ही डगमगलो नाही म्हणून." बहीण दुसऱ्या बाकावर बसली होती. ती उठली, बाहेर गेली आणि त्या मंडळीत पुन्हा कधीच आली नाही.

लूकच्या 18 व्या अध्यायातील परूशी, म्हणजे स्वतःला नीतिमान समजणारा धर्मनिष्ठ, हाही "हे देवा, मी तुझे आभार मानतो" अशीच सुरुवात करतो. त्याची प्रार्थना उपकारस्तुतीच्या रूपात आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. साक्षीची ही प्रथा काही काळ तरी बंदच करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

सेवक :
मी तीस वर्षे पाळकाचे काम केले आहे आणि हे मत मला मुळीच मान्य नाही. गरसेकरांच्या प्रदेशातील भूतग्रस्त बरा झाला तेव्हा प्रभूने त्याला घरी जाऊन आपल्या लोकांना सांगण्यास पाठवले (मार्क 5:19). दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला, तेव्हा प्रभूने विचारले की बाकीचे नऊ कोठे आहेत. आपण त्या एकालाही गप्प करायला निघाला आहात. एका माणसाच्या अहंकारासाठी सगळ्या मंडळीचे तोंड बंद करणे हा संताप आहे, विवेक नव्हे.

प्रवासी :
संताप आहेच, आणि तो का नसावा? माझा साधा प्रश्न आहे. त्या तीस वर्षांत, जिची प्रार्थना ऐकली गेली नाही असे सर्वांना दिसत होते, अशा एका तरी व्यक्तीला आपण उभे करून "तुमची साक्ष सांगा" असे म्हटले काय?

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात अशी साक्ष दिली आहे. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही आणि "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढेच उत्तर मिळाले. त्याच अध्यायात तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलले गेल्याचा अनुभव मात्र तो चौदा वर्षांनंतर सांगतो, आणि तोही "मला एक मनुष्य माहीत आहे" असा परका करून. नाकारलेली मागणी स्वतःच्या नावाने आणि मोठा अनुभव जणू दुसऱ्याच्या नावाने. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

सेवक :
नाही म्हटले. एकदाही नाही. आपल्या बोलण्याचा सूर मला अजूनही पटलेला नाही, आणि साक्षी बंद कराव्यात हे तर मी कधीच मानणार नाही. परंतु आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेवढेच आहे, आणि काल रात्री ते मला झोपू देत नव्हते.

दाखमळा :
विषय माझ्या मननाचा होता आणि तो साक्षीकडे ओढून नेला गेला, याचा मला राग आला होता हे मी लपवत नाही. तरीही मला दुसरी बाजू मांडायचीच आहे. आजकाल विलापालाच घर करून राहण्याची सवय लागते आहे. हबक्कूक संदेष्टा "किती काळ?" असे विचारतो खरे, पण शेवटी अंजिराला फूल आले नाही आणि गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन असे म्हणतो. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू अतिशय खिन्न झाला, पण "माझ्या इच्छेप्रमाणे नको" येथवर आला. भाव ठेवणे म्हणजे कोठेतरी पोहोचणे असते.

निशिगंध :
88 वे स्तोत्र कोठेही पोहोचत नाही. ते अंधारातच संपते. तरी त्याची पहिली हाक "माझ्या उद्धारक देवा" अशी आहे आणि ते पवित्र शास्त्रातच ठेवलेले आहे. त्या दोन वर्षांत माझी मजल तेवढीच होती. तुम्ही तेथून पुढे गेलात, त्याचा मला आनंद आहे, परंतु मागे राहिलेल्याला गर्विष्ठ म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. दुःखात बुडालेल्या ईयोबाला दोष देणारे त्याचे मित्र देवाची बाजू घेऊनच बोलत होते, आणि शेवटी (42:7) देव त्यांनाच सांगतो की माझा सेवक ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत.

"माझी चिंता हा माझा गर्व होता" असे तुम्ही लिहिले असते, तर पहिले आमेन मी म्हटले असते.

दाखमळा :
ते वाक्य बदलतो. "विश्वासणारा" काढून तेथे "मी" घालतो. मननातील मत्तयच्या सहाव्या अध्यायावरील परिच्छेद मात्र जसा आहे तसाच राहील, कारण "उद्याची चिंता करू नका" ही आज्ञा प्रभूने एकट्या मला दिलेली नाही, आणि त्या ठिकाणी आपले म्हणणे मला अजून पटलेले नाही.

निशिगंध :
त्या परिच्छेदावर मी उद्या लिहीन. तेथेही माझी हरकत आहे.