'अत्याचार' नको, मग काय लिहावं?

अमळनेरकर: पोलंडमधल्या ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीच्या स्मारक संग्रहालयावर वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी लिहितोय. (लेकीकडे गेलो होतो, तेव्हा पाहून आलो.) मथळा दिला, 'युद्धकाळातील अत्याचार'. वाचणाऱ्यानं लगेच विचारलं, "बायकांवरचे का?" दुसरा शब्द सुचवा.

धुळेकर: त्याचं काय चुकलं? पेपरवाल्यांनी 'अत्याचार' बलात्काराच्या जागी वापरून वापरून तेवढ्यापुरताच करून टाकलाय. आणि 'ॲट्रॉसिटी' तर चुकूनही नको. आपल्याकडे ती 'लागते' नाहीतर 'दाखल होते'. १९८९चा कायदा आणि पोलीस ठाणं, एवढंच डोळ्यांपुढे येतं.

भुसावळकर: सरळ 'नरसंहार' लिहा की.

धुळेकर: संहार देवी करते, महिषासुराचा. म्हणून तर आपल्याकडचे लोक चैत्रात पायी सप्तशृंगीला जातात. त्या शब्दाला पराक्रमाचा वास आहे, मला तो इथे खटकतो. 'हत्याकांड' म्हटलं की जालियनवाला बाग, १३ एप्रिल १९१९. एक जागा, एक संध्याकाळ. ऑश्विट्झ १९४० ते १९४५ चालू होतं, सुमारे अकरा लाख माणसं मारली, बहुतेक ज्यू.

अमळनेरकर: 'कत्तल'ही बसत नाही. पाचव्या ब्लॉकमध्ये काचेआड सुटकेसांचा ढीग आहे. त्यांवर पांढऱ्या रंगात ठसठशीत नावं, काहींवर जन्मतारीख आणि गावही. सामान परत मिळेल या भरवशावर लोकांनी लिहिलेलं. कत्तलीत माणूस पिसाळलेला असतो. इथे सगळी कारकुनी.

धुळेकर: मग 'वंशविच्छेद'. राफाएल लेम्किन या कायदेपंडितानं १९४४ साली इंग्रजीत 'जेनोसाइड' हा जो शब्द घडवला, त्याला मराठीत हा चालतो. जड आहे, पण नेमका. फक्त तिथे पोलिश लोक आणि सोव्हिएत युद्धकैदीही मेले, ते मजकुरात वेगळं सांगा.

नंदुरबारकर: मथळ्याचं तुम्ही बघा, पण आत मृतांना 'हुतात्मे' लिहू नका. आमच्या शिरीषकुमारला आणि त्याच्या सोबत्यांना १९४२ साली गोळ्या लागल्या, तेव्हा ते तिरंगा घेऊन आपणहून पुढे गेले होते. ऑश्विट्झच्या लोकांना गाडीत कोंबून आणलं.

अमळनेरकर: 'बळी' लिहू?

नंदुरबारकर: चालेल. पण बळी म्हटलं की कोणत्या तरी देवाला दिल्यासारखं वाटतं. 'मारले गेलेले' लिहा.

भुसावळकर: 'मारलेले'. 'गेलेले' कशाला?