बायपोलर असलेल्या भावाने स्वमदत गटात राहावे का?

नीलमोहर (प्रश्न)
नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला २०१८ पासून बायपोलर आजार (मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात जाणे) आहे आणि गेली चार वर्षे तो लिथियमच्या गोळ्यांवर स्थिर आहे. गेल्या महिन्यापासून तो हाच आजार असलेल्यांच्या एका ऑनलाइन स्वमदत गटात बोलू लागला आहे, आणि इतक्या वर्षांत प्रथमच कोणाशी बोलून झाल्यावर त्याचा चेहरा मोकळा दिसतो. मात्र परवा जेवताना त्याने सांगितले, की गटातील एकाने त्याला ‘तू आता बरा आहेस, लिथियम मूत्रपिंड खराब करते, बंद कर’ असा सल्ला दिला. त्या रात्रीची गोळी डबीत तशीच राहिली. आई म्हणते, गट सोडायला लाव. काय करावे?

पिंपळपान
ताई, मी स्वतः शुभार्थी आहे, म्हणजे हा आजार घेऊन जगणारा. गट सोडायला लावू नका. उन्मादात उडवलेले पैसे, रात्री दोन वाजता नातेवाइकांना केलेले फोन आणि उतार पडल्यावर वाटणारी शरम, हे ज्याने भोगले आहे त्याच्यापाशीच नीट बोलता येते. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत ते मावत नाही. मी पहाटे तीनला उठून फडताळातले सगळे डबे उतरवून पुसत बसे आणि थकवा मुळीच जाणवत नसे, हे मी गटात कौतुकाने सांगितले, तेव्हा एका काकांनी एवढेच विचारले, ‘झोपलास किती?’ तेव्हापासून मी झोपेची वही ठेवतो. सलग दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली, की पत्नीने डॉक्टरांना कळवायचे, असे आमचे ठरले आहे. गणपतीतली आणि कोजागरीची जागरणे मी सोडली.

गोळीचा विषय निघाला, की आमच्या गटात ‘डॉक्टरांना विचार’ यापलीकडे कोणी बोलत नाही. भावाच्या गटात हा नियम आहे का, ते त्यालाच विचारू द्या. नसेल, तर त्याने दुसरा गट शोधावा.

आरोग्यसेविका
मानसोपचार विभागात परिचारिका म्हणून काम करते, म्हणून लिहिते. लिथियमचा मूत्रपिंडावर आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, हे खरे आहे, आणि म्हणूनच ठरावीक काळाने रक्त तपासले जाते. परंतु गोळी एकाएकी थांबवल्यास उन्माद उलटण्याचा आणि आत्महत्येचाही धोका वाढतो. भावाच्या मनातील मूत्रपिंडाची भीती हसण्यावारी न नेता त्याचे अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटा. रक्तातील लिथियमची पातळी पाहण्यासाठी नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात. निर्जळी उपवास, जुलाब, मीठ एकदम कमी करणे किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके यांनी ही पातळी वाढू शकते, आणि हे कित्येक घरांत कोणी सांगितलेलेच नसते.

आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, पुढे निर्णयक्षमता राहिली नाही तर उपचार कसे व्हावेत, हे त्याला आत्ताच लिहून ठेवता येते आणि त्या वेळी आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. मध्यरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

नीलमोहर
आपले मनापासून आभार. काल रात्री हे सारे भावाला वाचून दाखवले. डब्यांचा प्रसंग ऐकताना तो म्हणाला, ‘माझे ते कपाट आवरणे आठवते?’ मला आठवत होते. गोळी त्याने घेतली. मंगळवारी सकाळी रक्त द्यायला आम्ही दोघे जाणार आहोत, आणि गटातील नियमाविषयी त्याने स्वतःच विचारले आहे.