प्रति: ‘सर्वांसाठी सरसकट दहा टक्के पगारवाढ मागूया’ ही सूचना

सरसकट दहा टक्क्यांत १८,००० वाल्याला १,८०० मिळतात आणि ६०,००० वाल्याला ६,०००. महागाई मात्र किराण्यात दोघांना सारखीच. म्हणून निम्मी वाढ ठरावीक रकमेत मागा.

याहून मोठी गोची ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची; त्यातून कामगाराचे आणि घरच्यांचे उपचार होतात. पगार २०,५०० असेल तर पाच टक्क्यांनी तो २१,५२५ होतो, म्हणजे ईएसआयची २१,००० ची पगारमर्यादा ओलांडतो. पगारातून त्यासाठी कापले जाणारे दीडशे रुपये वाचतात, पण घरच्यांचे उपचार हळूहळू बंद होतात. मालकाचा ३.२५ टक्के हिस्साही वाचतो (हे तो सांगणार नाही!). तेवढे कौटुंबिक आरोग्यविम्यात घालायला लावा. वाढ १ एप्रिलऐवजी १ मेपासून घेतली, तर एप्रिल ते सप्टेंबरची सहामाही आधीच सुरू झालेली असते, म्हणून ईएसआयची वर्गणी सप्टेंबरअखेर चालू राहते. एका महिन्याचा फरक थकबाकी म्हणून मागू नका, बोनस म्हणून बोला.