‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’: प्रशिक्षणक्रमातील संबोधन

प्रश्न: कारखान्यातील सुरक्षेविषयीचा एक ऑनलाइन प्रशिक्षणक्रम मी इंग्रजीतून मराठी, हिंदी आणि जर्मनमध्ये आणवून घेत आहे. ग्राहकाला सर्वत्र एकच ‘मैत्रीपूर्ण’ सूर हवा आहे. मूळच्या ‘यू’साठी कोणते संबोधन ठेवावे?

उत्तर १: मराठीत ‘तुम्ही’च ठेवावे. निवृत्तीला आलेल्या फिटरला पडद्यावर ‘हेल्मेट घाल’ असे वाचावे लागले, तर मैत्री दूरच, तो पहिल्याच पानावर बिथरेल. शिवाय ‘तू शिकलास’ की ‘तू शिकलीस’ हे ठरवावे लागते. ‘तुम्ही शिकलात’ म्हटले की तो प्रश्न मिटतो. हिंदीत मात्र ‘आप’ घेऊनही ‘सीख गए’ आणि ‘सीख गईं’ हा भेद राहतोच, म्हणून तेथे ‘आपने पाठ पूरा किया’ अशी रचना करून घ्यावी.

उत्तर २: सहमत आहे; फक्त ‘आपण’ जपून वापरावे. ‘आपण यंत्र बंद करावे’ यात शिकणारा एकटा आहे, तर ‘आपण यंत्र बंद करू’ यात शिकवणाराही आला. खटका नेमका कोणी पाडायचा, याविषयी सुरक्षेच्या सूचनेत संदिग्धता परवडत नाही.

उत्तर ३: जर्मनमध्ये ‘झी’ आदरार्थी आणि ‘डू’ जवळिकीचे, कंपनीतील अंतर्गत पत्रव्यवहारात जे रूढ असेल तेच घ्यावे. शेजारच्या स्वीडनचा दाखला येथे लावू नये, कारण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे जवळजवळ सर्वांनाच ‘डू’ म्हणतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ‘तुम्ही’, ‘आप’ आणि तूर्तास ‘झी’ असे ग्राहकाला कळवतो.