शब्दचर्चा : आवृत्ती, छपाई, प्रत – ‘युलिसिस’ची ‘पहिली’ म्हणजे नेमकी कुठली?

वाचनवेडा :
जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीच्या संग्राह्य आवृत्त्यांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय आणि ‘आवृत्ती’ या शब्दापाशी गाडी अडलीय. फेब्रुवारी १९२२ मध्ये सिल्व्हिया बीचच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ने पॅरिसला काढली ती पहिली, इथवर ठीक. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या इगोइस्ट प्रेसच्या नावाने २००० प्रती निघाल्या, त्या छापल्या पहिलीच्याच, फ्रान्समधल्या दिजाँच्या छापखान्यात आणि त्याच प्लेट्सवरून (छपाईच्या तयार साच्यांवरून), मग ती दुसरी आवृत्ती की पहिलीचंच पुनर्मुद्रण? वर १९३४ ची अमेरिकेतल्या रँडम हाउसची पण लोक सर्रास ‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकतात. सगळ्यालाच आवृत्ती म्हटलं तर वाचक चक्रावणार, आणि एडिशन, इम्प्रेशन, प्रिंटिंग असं लिहीत बसलो तर संपादक कात्री लावणार. काय करू?

खिळेजुळारी :
छापखान्यात हा घोळ नव्हता हो, तो प्रकाशकांनी घातला. आमच्याकडे दोन शब्द होते, जुळणी आणि छपाई. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, नव्याने जुळवले की नवी जुळणी, आणि त्याच जुळणीवरून पुन्हा कागद चढवला की दुसरी छपाई, तिसरी छपाई. आपल्याकडे पुस्तकाच्या आतल्या पानावर दिमाखात ‘चौथी आवृत्ती’ असतं आणि बघावं तर काना-मात्रेचाही फरक नाही, फक्त किंमत वाढलेली. तुमच्या ‘युलिसिस’ला हाच नियम लावा. पॅरिसवाल्यांनी १९२६ ची आठवी छपाई पूर्ण नव्याने जुळवली, म्हणजे खरी नवी आवृत्ती तिथे सुरू होते, त्याआधीच्या सगळ्या पहिल्याच आवृत्तीच्या छपाया, इगोइस्टचीही त्यातच आली. रँडम हाउसची जुळणी वेगळीच, तेव्हा तिला ‘पहिली अधिकृत अमेरिकी आवृत्ती’ म्हणा, नुसतं ‘पहिली’ नको. गंमत म्हणजे त्या अधिकृत आवृत्तीची जुळणी चुकून सॅम्युएल रॉथच्या चोरट्या आवृत्तीवरून झाली, अमेरिकी न्यायाधीश वूल्झींनी डिसेंबर १९३३ मध्ये पुस्तक अश्लील नाही म्हणून निकाल दिला आणि घाईघाईत छापायला घेतलं ते चोराचंच. ‘अधिकृत’ शब्दावर पण एक धागा काढा कुणीतरी.

शब्दखूळ :
मूळ बघितलं तर ‘आवृत्ती’ म्हणजेच परत फिरून येणं, अथर्वशीर्षाची आवर्तनं करतात त्यातलंच हे. त्या हिशेबाने ‘प्रथमावृत्ती’ हा शब्दच जरा विनोदी आहे. पण रुळलाय, आता कोण हलवणार. ‘संस्करण’ मात्र कृपया नको, ते हिंदीतून येतं आणि मराठी कानाला संस्कारवर्गासारखं लागतं.

पुस्तकबाजार :
जमवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने आवृत्तीपेक्षा ‘प्रत’ हा शब्द मोठा आहे, कारण पैसे आवृत्तीला नाही, प्रतीला पडतात. १९२२ च्या त्या हजार प्रती काही एकसारख्या नव्हत्या. १ ते १०० डच हातकागदावर, जॉइसच्या सहीच्या, किंमत ३५० फ्रँक. १०१ ते २५० आर्शच्या (उंची फ्रेंच) कागदावर, २५० फ्रँक. उरलेल्या ७५० साध्यातल्या, १५० फ्रँक. वरचं कव्हर सगळ्यांचं निळं आणि अक्षरं पांढरी, ग्रीक झेंड्याचे रंग, जॉइसने त्या निळ्यासाठी बरंच डोकं खाल्लं होतं. तेव्हा पहिल्या शंभरांना ‘स्वाक्षरांकित प्रती’ आणि सगळ्याच हजारांना ‘क्रमांकित प्रती’ म्हणा. दोन्ही शब्द मराठीत चालतात.

आणि एक, ‘न कापलेली प्रत’ असं मोघम लिहू नका. छापलेल्या फर्म्याची (अनेक पानं एकत्र छापलेल्या मोठ्या कागदाची) घडी घालून शिवतात तेव्हा वरच्या आणि बाजूच्या घड्या बंदच असतात, वाचणारा सुरी घेऊन त्या फोडतो. ती झाली ‘घड्या न फोडलेली’ प्रत. ‘कडा न छाटलेली’ म्हणजे वेगळं, तिथे बाइंडरने मशिनवर काठ सरळ केलेले नाहीत एवढंच, पुस्तक भले दहा वेळा वाचलेलं असो. पहिल्या शंभरातली एक प्रत २००९ मध्ये लंडनला २,७५,००० पौंडांना गेली, तिच्या घड्या बंदच होत्या, फोडली होती ती फक्त शेवटच्या चावट प्रकरणाची पानं! मालकाला काय वाचायचं होतं ते कळलंच.

खिळेजुळारी :
हा हा. त्या पहिल्या छपाईत मुद्राराक्षस इतका मोकाट होता की प्रकाशकाने पुस्तकातच वाचकांकडे चुका पोटात घालायची विनंती केलीय. जुळाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि लेखक प्रुफांवरच नवा मजकूर भरत होता. मी असतो तर खिळ्यांचं घर फेकून घरी गेलो असतो.

पुस्तकबाजार :
मुद्राराक्षस तर या धंद्यात लक्ष्मी आहे. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या (१९२५) पहिल्या छपाईत पान २०५ वर ‘सिकँटायर्ड’च्या (‘सिक अँड टायर्ड’चं बोलीतलं रूप) जागी ‘सिक इन टायर्ड’ पडलंय, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या छपाईत ते दुरुस्त झालं, म्हणून लोक चूक शाबूत आहे ना ते आधी बघतात. त्या पहिल्या छपाईच्या जॅकेटवर (पुस्तकावरच्या सुट्या कागदी आवरणावर) मागे गॅट्सबीच्या नावातला जे छोटा छापला गेला, तो मग हाताने मोठा केला. जॅकेटसकट प्रत आणि जॅकेट नसलेली प्रत, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

वाचनवेडा :
वा, आवृत्ती, छपाई, प्रत असे तीन थर करतो. जॅकेटला मात्र ‘मुखपृष्ठ’ चालणार नाही ना? आणि ‘युलिसिस’ची १९३५ ची चित्रकार मातीसच्या चित्रांची, ती ‘सचित्र आवृत्ती’च?

शब्दखूळ :
मुखपृष्ठ ही नुसती पुढची बाजू. ‘वेष्टन’ म्हणा, सुटं काढता येतं हे त्यातून कळतं. मातीसच्या १५०० प्रतींना सचित्र म्हणायला हरकत नाही, फक्त चित्रं कशाची ते लेखात सांगा, कारण त्याने कादंबरीच्या प्रसंगांऐवजी होमरच्या ‘ओडिसी’चे प्रसंग काढलेत.

पुस्तकबाजार :
त्या १५०० वर मातीसची सही आहे, जॉइसचीही सही असलेल्या साधारण २५०च. म्हणजे ‘स्वाक्षरांकित’ लिहाल तिथे कुणाची सही तेही लिहा, विकणारे नेमकं तेच गाळतात.